फूड केमिस्ट व्हायचंय? मग या चुका टाळा

एमएस्सीचे निकाल लागले की आमच्या लॅबमध्ये अर्जांचा ढीग येतो. जवळजवळ प्रत्येक अर्जाच्या पहिल्या पानावर एचपीएलसी, जीसी, एलसी-एमएस/एमएस आणि आयसीपी-एमएस हाताळल्याचा उल्लेख ठळक अक्षरात असतो. मुलाखतीत मी त्या मशीनबद्दल फार विचारत नाही. मी विचारते, "शेंगदाण्याची शंभर पोती गोदामात आहेत. त्यातून तुमच्या टेबलावरच्या पंचवीस ग्रॅमपर्यंत तुम्ही कसे पोहोचाल?" यावर बहुतेक मुलं-मुली गप्प होतात, आणि हुशार मुलंही त्यात असतात.

खाद्यपदार्थांच्या तपासणीत मी बरीच वर्षं आहे. आधी बेंचवर होते, आता दुसऱ्यांनी केलेले रिपोर्ट तपासून त्यावर सही करते. नवीन मुलांच्या चुका बदलत नाहीत, आणि त्यांच्या मुळाशी एकच समजूत असते: मशीन चालवता आलं की केमिस्ट झालो. फूड केमिस्टला पैसे मिळतात ते एका आकड्यामागे उभं राहण्याचे. त्या आकड्यावर व्यापाऱ्याचा माल परत येतो, कारखान्याचा परवाना अडकतो, कधी कोर्टात उभं राहावं लागतं. हा आकडा कुठून आला हे नमुन्यापासून सहीपर्यंत ज्याला सांगता येतं, त्याचं करिअर होतं. बाकीचे बटणं दाबत राहतात.

मशीनने दाखवलं म्हणून लिहिलं

ही माझ्या मते सगळ्यात महागडी चूक आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

एका लॅबमध्ये वाशीच्या मसाला मार्केटमधल्या एका व्यापाऱ्याची लवंग पावडर आली होती. आर्द्रता तपासायची होती. लवंग पावडरीला आपल्याकडे आर्द्रतेची कमाल मर्यादा १० टक्के आहे. नुकतीच रुजू झालेली मुलगी अभ्यासात चांगली, हात स्वच्छ. तिने नमुना हॅलोजन मॉइश्चर बॅलन्सवर ठेवला, १०५ अंशांवर, आणि वीस मिनिटांत आकडा मिळाला. तो मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट होता. रिपोर्ट गेला आणि घेणाऱ्याने माल नाकारला. दुसऱ्या दिवशी व्यापारी पिशवीत माल घेऊन स्वतः लॅबमध्ये हजर. म्हणाला, "मॅडम, हातात घेऊन बघा, कडकडीत आहे. याच्यात एवढं पाणी कुठून येणार?"

त्याचं म्हणणं बरोबर होतं. लवंगेत पंधरा ते वीस टक्के उडनशील तेल असतं. १०५ अंशांवर पाण्याबरोबर तेही निघून जातं. मॉइश्चर बॅलन्सला पाणी कळत नाही, त्याला फक्त घटलेलं वजन कळतं. त्या खोलीत लवंगेचा वास दरवळत होता. नाकाला कळत होतं की तेल जातंय, पण स्क्रीनवर "मॉइश्चर" लिहिलं होतं म्हणून पाणीच गेलं असं धरलं गेलं.

मसाल्यांची आर्द्रता टोल्युइनबरोबर ऊर्ध्वपातन करून, डीन-स्टार्कच्या नळीत काढायची असते. टोल्युइनबरोबर पाण्याची वाफ वर जाते, कंडेन्सरमध्ये थंड होते, आणि पाणी जड म्हणून खुणांच्या नळीत तळाशी बसतं. तेल टोल्युइनमध्ये विरघळून वरच राहतं, पाणी म्हणून मोजलं जात नाही. याला दोन-तीन तास लागतात. काच चिकट असेल तर पाण्याचे थेंब कंडेन्सरच्या भिंतीला धरून बसतात आणि आकडा कमी येतो, त्यामुळे नळी आधी नीट धुवावी लागते आणि शेवटी लांब तारेने थेंब खाली ढकलावे लागतात. त्या लॅबने नमुना असा पुन्हा केला तेव्हा आर्द्रता मर्यादेच्या आत आली. रिपोर्ट मागे घ्यावा लागला. तो व्यापारी त्या लॅबकडे पुन्हा फिरकला नाही, आणि मार्केटमध्ये दहा जणांना सांगितल्याशिवाय राहिलाही नसेल.

त्या मुलीला मी दोष देत नाही. तिला कॉलेजात कोणी सांगितलं नव्हतं आणि लॅबमध्ये सांगायला कोणाला वेळ नव्हता. पण "मशीनवर हेच आलं" हे तिचं उत्तर मला आजही टोचतं, कारण ते मी दर वर्षी नवीन तोंडून ऐकते.

माझी सवय सांगते. कुठलीही पद्धत हातात घेतली की आधी कागदावर एक वाक्य लिहायचं: ही पद्धत नेमकं काय मोजते? ओव्हन घटलेलं वजन मोजतो. केल्डाल नायट्रोजन मोजतो, प्रथिनं मोजत नाही; आपण ६.२५ ने गुणतो, दुधाला ६.३८ ने, गव्हाला ५.७ ने. सॉक्सलेट ईथरमध्ये विरघळणारं सगळं मोजतो. हे वाक्य लिहिता येत नसेल तर नमुना वजन करायला घेऊ नका.

चीनमध्ये २००८ साली जे झालं ते याच फटीतून झालं. पाणी घातलेल्या दुधात नायट्रोजन वाढवायला मेलामाइन मिसळलं गेलं. मेलामाइनमध्ये वजनाच्या जवळजवळ दोन तृतीयांश नायट्रोजन असतो. केल्डालला तो प्रथिनांचा आहे की प्लास्टिक उद्योगातल्या रसायनाचा, हे कळायचा मार्ग नाही. सुमारे तीन लाख मुलं आजारी पडली आणि सहा दगावली. केल्डालची पद्धत १८८३ पासूनची आहे आणि ती आजही उत्तम आहे. तिच्याकडून भलतीच अपेक्षा ठेवणं ही चूक.

नमुना म्हणजे कोणीतरी आणून दिलेली पिशवी

आता त्या शंभर पोत्यांकडे. शेंगदाण्यातलं अफ्लाटॉक्सिन बुरशीमुळे तयार होतं आणि ते सगळ्या दाण्यांत सारखं पसरलेलं नसतं. हजारो दाणे स्वच्छ असतात आणि एखाद्या दाण्यातच प्रचंड विष असतं. पोत्याच्या तोंडावरून मूठभर दाणे उचलले तर तो एक दाणा बहुधा हाती लागत नाही. लागलाच, तर सगळा लॉट विषारी ठरतो. थेट खाण्याच्या शेंगदाण्याला युरोपात एकूण अफ्लाटॉक्सिनची मर्यादा किलोमागे ४ मायक्रोग्रॅम आहे. एवढ्या बारीक आकड्यापुढे तुमच्या एलसी-एमएसची अचूकता दुय्यम ठरते, कारण खरी चूक गोदामातच होऊन गेलेली असते.

म्हणूनच मोठ्या लॉटमधून अनेक ठिकाणचे थोडे थोडे दाणे घेऊन वीस-वीस किलोचा एकत्र नमुना करायची पद्धत आहे. तो सगळा दळायचा किंवा पाण्याबरोबर स्लरी करायची आणि मग त्यातलं थोडं घ्यायचं. दळायच्या आधी वाटणी करायची नाही. नवीन मुलं नेमकं उलटं करतात: वीस किलोतून पाव किलो बाजूला काढतात आणि तेवढंच दळतात, कारण ग्राइंडर धुवायचा कंटाळा येतो.

नमुना तुम्ही स्वतः काढला नसेल तर रिपोर्टवर तसं स्पष्ट लिहा. नमुना कोणी, कधी, कुठल्या डब्यात आणला, सील कसं होतं, हे पहिल्या दिवसापासून वहीत लिहायची सवय लावून घ्या. आपल्या कायद्यात अन्नसुरक्षा अधिकारी नमुन्याचे चार भाग करतो, ते उगाच नाही. एक भाग फूड अ‍ॅनालिस्टकडे जातो, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे राहतात, आणि मालकाने मागणी केली तर चौथा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत. म्हणजे तुमचा आकडा उद्या दुसरं कोणी ताडून पाहणार आहे, हे कायद्यानेच गृहीत धरलंय.

आकडा बसवणं

यावर बोलायला लोक कचरतात, म्हणून मी बोलते.

राख काढायची पद्धत साधी आहे. क्रुसिबल तापवून, थंड करून वजन घ्यायचं, नमुना जाळून धूर जाऊ द्यायचा, मफल फर्नेसमध्ये ५५० अंशांना ठेवायचं, डेसिकेटरमध्ये थंड करून पुन्हा वजन, आणि वजन स्थिर होईपर्यंत पुन्हा फर्नेस. दोन समांतर नमुने करायचे. काम कंटाळवाणं आहे आणि वेळ खातं. त्यामुळे दुसरा नमुना "बसवायचा" मोह इथे सगळ्यात जास्त होतो.

मला माहीत असलेल्या एका लॅबमध्ये एक मुलगा पिठांची राख करायचा. काम भराभर, रिपोर्ट वेळेवर, वरिष्ठ खूश. त्याचे दोन समांतर आकडे नेहमी दुसऱ्या दशांशापर्यंत जुळायचे. कोणाला शंका आली नाही, उलट त्याचं कौतुक व्हायचं. मग प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएलचं ऑडिट आलं. तपासायला आलेल्या बाईंनी राखेची वही बाजूला ठेवली आणि फर्नेसचं लॉगबुक मागितलं. एका आठवड्यात तीन दिवस फर्नेस बंद होती, कॉइल जळाली होती, इलेक्ट्रिशियनची सही होती. त्याच तीन दिवसांत वहीत राखेचे आठ-दहा निकाल होते, सगळे दोन-दोन नमुन्यांचे, सगळे सुरेख जुळणारे.

पुढे जे झालं ते त्या मुलापुरतं राहिलं नाही. त्याच्या नावावरचे सगळे निकाल संशयात आले. जिथे नमुने शिल्लक होते तिथे पुन्हा तपासणी, जिथे नव्हते तिथे ग्राहकाला पत्र. मुलाची नोकरी गेली. हे क्षेत्र लहान आहे. नवी मुंबई, पुणे, नागपूर, कोल्हापूर, लॅब कुठलीही असो, लोक एकमेकांना ओळखतात.

माझा राग त्या मुलापेक्षा त्याच्या वरिष्ठांवर जास्त आहे. पाच वाजता येऊन "आज रिपोर्ट गेलाच पाहिजे, कसंही कर" असं म्हणणारा माणूस बसवलेले आकडेच मागत असतो, फक्त तसं म्हणत नाही. पण वहीत सही तुमची असते. त्यामुळे नव्या मुलांना माझं एकच सांगणं: "सर, फर्नेस बंद आहे, उद्या होईल" हे वाक्य पहिल्या आठवड्यात म्हणायला शिका. पहिल्यांदा बोलणी खाल. दुसऱ्यांदा तुम्हाला ओळखतील. जिथे हे वाक्य चालतच नाही ती लॅब सोडा, पगार कितीही असो.

आणि वहीबद्दल. वजन चिठोऱ्यावर लिहून संध्याकाळी वहीत "नीट" उतरवायचं नाही. वही डागाळली तरी चालेल, त्यावर मेहंदीसारखे सिल्व्हर नायट्रेटचे काळे ठिपके पडले तरी चालतील. चुकलं तर एक आडवी रेघ, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख. व्हाइटनर लॅबमध्ये असूच नये. मी दिसला की फेकते. समांतर आकडे फार जुळले तर संशय घ्या, थोडे वेगळे आले तर निश्चिंत व्हा. खऱ्या मोजमापात थोडा फरक असतोच.

पदार्थ कधी पाहिलाच नाही

केमिस्ट्रीवाल्यांना रेणू कळतो, पण पदार्थ कळत नाही. फूड टेक्नॉलॉजीवाल्यांचं उलटं असतं. दोघांनीही थोडं सरकायला हवं.

कोल्हापूरच्या गुळाचं घ्या. रंग पिवळाधमक यावा म्हणून काही जण रसात हायड्रॉस घालतात, त्याचा सल्फर डायऑक्साइड गुळात उरतो. त्याला मर्यादा ७० पीपीएमची आहे. हे पुस्तकात मिळेल. पण गुऱ्हाळावर एक दिवस उभं राहिलं, गुळव्या काहिलीत हायड्रॉसची चिमूट कधी टाकतो, भेंडीचं पाणी कधी टाकतो, मळी कशी काढतो हे पाहिलं, तर कळतं की एकाच दिवसाच्या दोन आदणांत फरक का पडतो. शिवाय गूळ साठवणीत राहिला की सल्फर डायऑक्साइड कमी होत जातो. म्हणून ताज्या ढेपेचा आकडा आणि दोन महिने दुकानात राहिलेल्या ढेपेचा आकडा यांची तुलना करून कोणाला खोटारडं ठरवायचं नसतं.

तुपाचं त्याहून अवघड. विदर्भ, मराठवाडा, खानदेशात जनावरांना सरकी आणि सरकीची पेंड घालतात. त्या दुधाच्या तुपाचं रायखर्ट-माइसल मूल्य (उडनशील मेदाम्लांचं माप) खाली जातं, ब्युटिरोरिफ्रॅक्टोमीटरचा (तुपातून प्रकाश किती वळतो ते मोजणाऱ्या यंत्राचा) आकडा वर जातो, आणि सरकीच्या तेलासाठीची हाल्फेन चाचणीसुद्धा रंग दाखवू शकते. तूप शुद्ध असतं, पण कागदावर भेसळीचं दिसतं. म्हणून आपल्याकडे मानकांत कापूसपट्ट्याचा वेगळा विचार केला गेला. ज्याला गोठ्यात काय घालतात हे माहीत नाही, तो केमिस्ट एका शेतकऱ्याला आयुष्यातून उठवू शकतो. मला ही शक्यता भीतिदायक वाटते, आणि तुम्हालाही वाटली पाहिजे.

आणि द्राक्षं. २०१० साली महाराष्ट्रातून युरोपात गेलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड सापडलं आणि नाशिक-सांगलीकडच्या बागायतदारांना जबर फटका बसला. वेलीची वाढ रोखायला ते वापरतात हे बागेतल्या मजुरालाही ठाऊक होतं. पण निर्यातीआधी ज्या रसायनांची तपासणी होत असे त्या यादीत ते नव्हतं. नंतर यादीत आलं. ज्याचा शोध घेतला नाही ते यंत्राला सापडत नाही. काय शोधायचं हे ठरवायला बागेत जावं लागतं, फवारणीच्या वेळी शेतकऱ्याशी बोलावं लागतं.

माझी सवय: सुट्टीत कुठेही गेले तरी एक कारखाना, गिरणी, डेअरी किंवा गुऱ्हाळ बघून येते. सांगलीला हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करताना पाहिली नसेल तर हळदीचे रिपोर्ट नुसते पाठ केलेले असतात.

कायदा वाचायचा कंटाळा

"ते लीगलवाले बघतील" असं म्हणणारे केमिस्ट मी खूप पाहिले. त्यांची वाढ एका टप्प्यावर थांबते.

अन्नसुरक्षा आणि मानके कायदा २००६ चा, नियम आणि विनियम २०११ चे. सगळे वाचा असं म्हणत नाही. कलम ४२ ते ४७ वाचा, आणि तुम्ही ज्या पदार्थावर काम करता त्याचं मानक वाचा. दोन संध्याकाळींचं काम आहे. फूड अ‍ॅनालिस्टने नमुना मिळाल्यापासून १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो, अहवालाविरुद्ध अपील करता येतं, नमुना मग रेफरल प्रयोगशाळेत जातो. हे माहीत असलं की आपलं काम कुठे जाऊन पोहोचतं ते दिसतं.

लॅबची मान्यता म्हणजे काय हेही नीट समजून घ्या. एनएबीएलची मान्यता आयएसओ/आयईसी १७०२५ नुसार मिळते, आणि ती लॅबला सरसकट मिळत नाही. अमुक पदार्थातली, अमुक घटकाची, अमुक पद्धतीने केलेली चाचणी, अशी ओळीओळीने मिळते. त्याला स्कोप म्हणतात. २०१५ च्या मॅगी प्रकरणात शिशाच्या आकड्यावरून देशभर बंदी आली. मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑगस्ट २०१५ रोजी ती रद्द केली. कंपनीला बाजू मांडायची संधी दिली नव्हती हे एक कारण होतं, आणि ज्या प्रयोगशाळांच्या निकालावर ती आधारली होती त्यांना त्यासाठी आवश्यक मान्यता नव्हती हे दुसरं. न्यायालयाने तीन मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत पुन्हा तपासणी करायला लावली आणि त्यांत शिसं मर्यादेच्या आत आलं. शिसं खरंच किती होतं यावर लोक अजून वाद घालतात. केमिस्टसाठी धडा वेगळा आहे: तुमच्या चाचणीला मान्यता नसेल तर तुमचा आकडा बरोबर असला तरी तो टिकत नाही. नोकरीला जाताना लॅबचा स्कोप मागून बघा. जे काम तुम्हाला देणार आहेत ते त्यात आहे का? मुलाखतीत हा प्रश्न विचारणारा उमेदवार मला आजवर क्वचितच भेटला, आणि भेटला तेव्हा मी त्याला घेतला.

डिग्री निवडताना

"फूड" हा शब्द असलेला कुठलाही कोर्स चालतो, हा गैरसमज. न्यूट्रिशन वेगळं, टेक्नॉलॉजी वेगळं, केमिस्ट्री वेगळी. तपासणीच्या बेंचवर यायचं असेल तर बीएस्सी केमिस्ट्री आणि मग एमएस्सी अ‍ॅनालिटिकल किंवा ऑरगॅनिक, किंवा बायोकेमिस्ट्री, हा सरळ रस्ता आहे. प्रक्रिया आणि कारखाना आवडत असेल तर फूड टेक्नॉलॉजीचा बीटेक: परभणीचं कॉलेज, नागपूरची एलआयटी, मुंबईची आयसीटी. पुढे म्हैसूरची सीएफटीआरआय आहेच, १९५० पासून हेच काम करते आहे, तिथले छोटे प्रशिक्षणवर्गही उपयोगाचे. कॉलेज निवडताना इमारत बघू नका. प्रॅक्टिकलला किती मुलांमागे एक ब्युरेट आहे ते बघा.

दोन महिन्यांत "फूड सेफ्टी एक्सपर्ट" करणारे ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्स? पैसे वाचवा.

बेंचवरच्या रोजच्या चुका

या भराभर सांगते, कारण एकदा कळल्या की कळल्या.

दुधातलं फॅट काढायच्या गर्बर चाचणीला आधी १० मिलि सल्फ्युरिक आम्ल, मग १०.७५ मिलि दूध भिंतीवरून हळू, मग १ मिलि अमाइल अल्कोहोल. फॅटच्या खाली काळी जळालेली साय दिसली तर आम्ल तीव्र आहे, पांढरे कण दिसले तर कमजोर. आम्लाची घनता मोजा, बाटलीवरच्या लेबलवर विसंबू नका.

केल्डालचा आकडा सतत कमी येतोय? आधी गळती बघा. मग ऊर्ध्वपातनात अल्कली पुरेशी पडतेय का बघा. तांब्याचा उत्प्रेरक असेल तर द्रावण गडद व्हायला हवं. कंडेन्सरचं टोक बोरिक आम्लात बुडालेलं हवं. अमोनियम सल्फेट चालवून रिकव्हरी काढा, म्हणजे त्यातला किती नायट्रोजन परत मिळतो ते बघा. ती बरोबर आली तर दोष पचनात (नमुना आम्लात उकळायच्या टप्प्यात) आहे, ऊर्ध्वपातनात नाही. हे न करता नवीन मुलं टायट्रंट तीनदा प्रमाणित करत बसतात. आणि ब्लँक, म्हणजे नमुन्याशिवायची तीच चाचणी, चालवा, दर वेळी.

सॉक्सलेटला ओला नमुना घालू नका, सॉल्व्हंट आत शिरत नाही आणि फॅट कमी येतं. जुनं ईथर कोरडं होईपर्यंत कधीच उडवू नका. त्यात पेरॉक्साइड साठतात आणि स्फोट होतो.

तेलाचं पेरॉक्साइड मूल्य (खवटपणाच्या सुरुवातीचं माप) काढायचा नमुना उजेडात, खिडकीत ठेवून जेवायला जाऊ नका.

एचपीएलसीवर बफर चालवल्यावर थेट शुद्ध अ‍ॅसिटोनायट्राइल सोडलं की क्षार बाहेर पडतात आणि कॉलम जाम होतो. आधी पाणी मिसळलेल्या मिश्रणाने धुवा. कॉलम हजारो रुपयांचा असतो आणि तो कोणी जाम केला हे लॉगबुकवरून कळतं.

"नॉट डिटेक्टेड" एवढंच लिहू नका. किती पातळीपर्यंत शोधू शकत होता, ती मोजण्याची मर्यादा शेजारी लिहा. नाहीतर त्या शब्दांना अर्थ नाही.

मिग्रॅ आणि मायक्रोग्रॅम यांची गल्लत. हसू नका, होते.

घाई

पहिल्याच नोकरीत "मला आर अँड डी हवंय" म्हणणाऱ्यांना मी विचारते, कशाचं आर अँड डी? नवीन सॉस किंवा नवीन फ्लेवर बनवायचा तर आधी जुन्याचं आम्लत्व का सरकतं, रंग का उडतो, तेल का खवट होतं हे हाताने मोजलेलं असावं लागतं. दोन-तीन वर्षं रूटीन तपासणी केलेला माणूस आर अँड डीत गेला की पहिल्या महिन्यात उपयोगी पडतो. थेट गेलेला वर्षभर रेसिपी टाइप करतो.

दर आठ-दहा महिन्यांनी नोकरी बदलणं हीसुद्धा घाईच. एखाद्या पदार्थाचा पूर्ण हंगाम पाहायला निदान एक वर्ष लागतं. पावसाळ्यातल्या मिरचीची आर्द्रता, उन्हाळ्यातल्या दुधाचं एसएनएफ (फॅट सोडून बाकीचे घनपदार्थ), आंब्याच्या हंगामातला रत्नागिरीकडचा पल्प, हे सगळं त्या त्या महिन्यातच येतं. एका लॅबमध्ये निदान दोन हंगाम काढा. त्यातच तुम्हाला कळेल की तुमचा कल तेलाकडे आहे, दुग्धजन्य पदार्थांकडे की कीटकनाशकांच्या अंशांकडे. मग त्या एकाच विषयात खोल जा. सगळं थोडं थोडं येणारे खूप आहेत. "तुपाचं काही अडलं तर यांना विचारा" असं ज्याच्याबद्दल बोललं जातं, त्याला अर्ज करावे लागत नाहीत.

सरकारी मार्गाचा विचार बरेच जण उशिरा करतात. फूड अ‍ॅनालिस्ट हे कायद्याने ठरवलेलं पद आहे. त्यासाठी रसायनशास्त्र, जीवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र, फूड टेक्नॉलॉजी अशा विषयांतली नियमात दिलेली पदवी, अन्नतपासणीचा किमान तीन वर्षांचा अनुभव आणि केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, म्हणजे एफएसएसएआयची परीक्षा लागते. तीन वर्षं झाल्यावर कागद जमवायला निघालात तर पहिल्या लॅबचा अनुभवाचा दाखला मिळता मिळत नाही; लॅब बंद झालेली असते किंवा मॅनेजर बदललेला असतो. म्हणून नोकरी सोडताना त्याच दिवशी दाखला घ्या, आणि त्यात "केमिस्ट म्हणून काम केले" एवढंच नको. कुठल्या पदार्थांच्या कुठल्या चाचण्या, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, हे लिहून घ्या. परीक्षेत प्रात्यक्षिकही असतं, आणि तिथे ब्युरेट हातात धरावी लागते.